ॲक्सोलॉटलची पिल्लं दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मरतात, काय करायचं?

सांगली, मिरज, कराड, सातारा, कुठल्याही मासेवाल्या मित्राला विचारा, गाऱ्हाणं एकच. ॲक्सोलॉटलच्या, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या, पाण्यातच राहणाऱ्या नातलगाच्या, जोडीने अंडी घातली, घरातली पोरं खूष, अंडी फुटली, शे-दीडशे पिल्लं टबात दिसायला लागली आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रोज सकाळी पाच-दहा मेलेली, महिना सरेपर्यंत टब रिकामा. पुढच्या वेळी परत तेच. आणि पहिला प्रश्न ठरलेला, औषध कुठलं टाकू?

औषध टाकू नका, हे आधीच सांगून ठेवतो. या वयात रोगाने मरणारी पिल्लं थोडीच असतात. बहुतेक उपाशी मरतात, नाहीतर आपणच घातलेलं खाणं सडून त्या पाण्यात मरतात, आणि या दोन्हीवर आपल्याकडचा उन्हाळा. दुकानात गेलं की मिथिलिन ब्लूची बाटली हातात मिळते, ते निळं पाणी करून ठेवलं की आपण काहीतरी केलं असं वाटतं एवढंच. ब्लू बुरशी लागलेल्या अंड्यांसाठी ठीक आहे, उपाशी पिल्लाचं पोट त्याने भरत नाही.

म्हणून आधी पिल्लं कधी आणि कशी मरतात ते बघा, कारण तिथेच कळतं.

अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन दिवस पिल्लू पोटातल्या बलकावर जगतं, तेव्हा ते काही खात नाही आणि तुम्ही काही घालायचंही नाही. एवढ्यात मेली तर पाण्यात क्लोरीन होतं, किंवा अंडी काढताना जोर लागला, किंवा ती मुळातच कमजोर होती, यातलं काहीतरी. चौथ्या दिवसापासून साधारण दहाव्या दिवसापर्यंत एकेक करून मरत असतील, डोकं मोठं आणि मागचं अंग दोऱ्यासारखं, कुशीवर पडलेली, तर ती उपासमार आहे, दुसरं काही शोधत बसू नका. रात्री बरी होती आणि सकाळी एकदम पंधरा मेली, कल्ले आखडलेले किंवा झिजलेले, तर पाणी खराब झालंय. आणि पुढचे पाय फुटल्यानंतर कुणाचा पाय गायब, कुणाचे कल्ले कुरतडलेले, तर ती एकमेकांना खातायत.

आता खाण्याचं. इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात.

आपण लहानपणी ओढ्यातनं बेडकाची पिल्लं आणून बाटलीत ठेवलेली असतात, त्यांना शेवाळं चालतं, उकडलेला पालकही चालतो. तोच पालक उकडून ॲक्सोलॉटलच्या पिल्लांना घालणारे लोक आहेत. सॅलॅमँडर, न्यूट, ॲक्सोलॉटल ही सगळी शेपटीवाली मंडळी पहिल्या घासापासून मांसाहारी, आणि त्यातही घास हलला पाहिजे. समोरून काही हललं की पिल्लू तोंड मारतं, न हलणारी गोष्ट त्याला दिसते पण खाणं म्हणून कळत नाही. त्यामुळे अंड्याचा बलक कुस्करून, फिश फूडची पूड करून, वाळवलेले किडे भिजवून, यातलं काहीही चालत नाही, सगळं तळाशी जातं आणि सडतं. म्हणजे पिल्लू उपाशीही राहिलं आणि पाणीही गेलं. साधारण दोन-अडीच सेंटीमीटरचं होईपर्यंत जिवंत खाणंच लागतं, याला पळवाट नाही.

जिवंत खाण्यात आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखा अगदी बारीक जीव, सगळ्यात भरवशाचा. अंडी डब्यात मिळतात, घरी फोडायची. एक लिटर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम खडेमीठ, कोल्ड्रिंकची बाटली उलटी करून बूड कापायचं, खालपर्यंत हवेची नळी सोडायची, हवा जोरात पाहिजे म्हणजे अंडी तळाला बसत नाहीत, वर एक दिवा, आणि पाणी २६ ते २८ अंश. २४ ते ३६ तासांत नारिंगी ठिपके पळायला लागतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं, रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात, बाटलीला खालच्या बाजूने टॉर्च लावला की पिल्लं उजेडाकडे गोळा होतात आणि तेवढीच बारीक नळीने ओढून घ्यायची. जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या फडक्यातून गाळायची आणि साध्या पाण्याने धुवायची, खारं पाणी टबात जाऊ द्यायचं नाही. टरफलं जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत, पोटात अडकतात.

आता गंमत बघा. आर्टेमियाला पाहिजे २७ अंश आणि ॲक्सोलॉटलच्या पिल्लाला १८ ते २०. म्हणजे मे महिन्यात आर्टेमिया मस्त फुटतो आणि पिल्लं मरतात, डिसेंबरात साताऱ्याला पिल्लं मजेत असतात आणि आर्टेमिया फुटत नाही. थंडीत रात्री पारा बारा-तेरावर आला की बाटलीतली अंडी दोन दिवस तशीच गोल गोल फिरत बसतात आणि लोक म्हणतात अंडी डुप्लिकेट आली. डुप्लिकेट नसतात हो, बाटली थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, आत साधा पिवळा बल्ब सोडा, फुटतील. पावसाळ्यातली गोष्ट वेगळी. डबा उघडून ठेवला की दमट हवेने अंडी ओल धरतात आणि मग शंभरातली वीससुद्धा फुटत नाहीत. डबा आणला की छोट्या छोट्या हवाबंद बरण्यांत वाटून फ्रीजमध्ये टाका, एका वेळी एकच बरणी बाहेर काढा.

आणखी एक. फुटलेला आर्टेमिया सात-आठ तासांत पहिली कात टाकतो आणि तोपर्यंत त्याच्या अंगातला बलक बराचसा संपलेला असतो. म्हणजे सकाळी फुटलेला तुम्ही रात्री घातला तर पिल्लाचं पोट भरतं पण अंगाला लागत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे दोन बाटल्या, बारा तासांच्या अंतराने लावायच्या, एक सकाळच्या जेवणाची एक संध्याकाळची. कटकट आहे, पण महिना-सव्वा महिन्याची आहे.

किती घालायचा याला माप नाही, पोट बघायचं. पिल्लू आरपार दिसतं. अंधार करून बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा, पुढच्या पायांच्या जागेपासून मागेपर्यंत पोटात नारिंगी पट्टी दिसली की जेवलं. ज्याच्या पोटात पट्टी नाही ते पिल्लू वेगळ्या वाटीत काढा, थोड्या पाण्यात, म्हणजे आर्टेमिया त्याच्या तोंडासमोरच येईल. मोठ्या टबात भरपूर आर्टेमिया असूनही कडेची चार पिल्लं उपाशी राहतात, कारण आर्टेमिया उजेडाकडे एका कोपऱ्यात जमतो आणि ही दुसऱ्या कोपऱ्यात. म्हणून टब मोठा घेऊ नका. एवढी मोठी काचेची टाकी आहे म्हणून पिल्लं तिच्यात सोडणारा माणूस आणि लग्नाच्या मांडवात चार पाव्हण्यांना जेवायला बसवणारा माणूस सारखाच. श्रीखंडाचे, बासुंदीचे रुंद डबे घ्या, पाणी चार-पाच बोटं, एका डब्यात दहा-बारा पिल्लं.

डॅफ्निया आणि मोइना, म्हणजे पिसवेएवढे पाण्यातले जीव, मिळत असेल तर उत्तम, ते गोड्या पाण्यातच राहतात त्यामुळे मरून सडत नाहीत, फक्त पिल्लाच्या तोंडात मावेल असा बारीक पाहिजे. मायक्रोवर्म हे बारीक जंत अडीनडीला ठीक, तळाशी जाऊन बसतात. गटारातला ट्युबिफेक्स, म्हणजे लाल जंत, नको. डासांच्या अळ्या पिल्लं आवडीने खातात हे खरं, पण घरात उघडं पाणी ठेवून डास पाळू नका, डेंग्यूच्या सर्व्हेला आलेल्या ताई तो डबा तुमच्यासमोर ओतून टाकतील आणि बरोबरच करतील.

आता घाण पाणी. आर्टेमिया खाऱ्या पाण्यातला जीव, गोड्या पाण्यात काही तासच टिकतो. संध्याकाळी घातलेल्यातला जो खाल्ला नाही तो रात्रीत मरतो आणि सकाळी तळाशी पांढरट कापसासारखा थर दिसतो. बोटाने हलवला तर धुरासारखा उठतो. तो थर म्हणजेच तुमची सकाळची पंधरा मेलेली पिल्लं. त्यातून अमोनिया होतो आणि पिल्लाचे कल्ले उघडे असल्यामुळे थेट तिथे लागतो.

यात आपल्या भागाची एक खोड आहे. बोअरचं पाणी जड, पीएच आठच्या आसपास असू शकतो. अमोनियाचा विषारी भाग पीएच आणि उष्णतेबरोबर वाढतो. पीएच ७ आणि २० अंशाला एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी विषारी असतो, पीएच ८ ला तोच साधारण चार टक्के होतो, आणि पाणी ३० अंशाला गेलं की सातच्या पुढे. म्हणजे तीच घाण, तेवढीच पिल्लं, पण डिसेंबरात जगतात आणि एप्रिलमध्ये मरतात. लोक टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवून म्हणतात पाणी ओके आहे. टीडीएस मीटरला अमोनिया कळत नाही, त्यासाठी अमोनियाची टेस्ट किट वेगळी येते.

फिल्टर लावून हे सुटत नाही, लहान पिल्लं फिल्टरमध्येच ओढली जातात. उपाय जुनाच, रोज पूर्ण पाणी बदलणं. दोन डबे ठेवा, एकात पिल्लं, दुसऱ्यात त्याच तापमानाचं तयार पाणी. जाड तोंडाच्या ड्रॉपरने किंवा चमच्याने पिल्लू पाण्यासकट उचलायचं आणि पलीकडे सोडायचं, जाळीने उचलू नका, कल्ले अडकतात. जुना डबा ओतून टाकायचा, नुसत्या पाण्याने घासायचा, साबण नाही. सकाळी खाणं घातल्यावर दोन-तीन तासांनी हे केलं तर सगळ्यात बरं, कारण जे खायचं ते खाऊन झालेलं असतं.

तयार पाणी म्हणजे काय, तर क्लोरीन गेलेलं. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडते आणि ती रोज सारखी पडत नाही. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं की जास्त पडते, म्हणून जूनपर्यंत नीट चाललेलं जुलैत बिघडतं आणि माणूस म्हणतो पद्धत तीच आहे की. गावात जलसुरक्षक असतो, त्याच्याकडे ओटी टेस्टचं औषध असतं, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, जितकं पिवळं तितका क्लोरीन. शंका आली तर त्यालाच एकदा तुमच्या नळाचं पाणी बघायला सांगा. नाहीतर बादलीभर पाणी चोवीस तास उघडं ठेवा, हवा सोडा, किंवा क्लोरीन मारणारे हायपोचे खडे पाकिटावर लिहिलेल्या मापाने टाका.

आरओचं पाणी शुद्ध म्हणून घालणारेही बरेच भेटतात. ॲक्सोलॉटल मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या तळ्या-कालव्यांतला, तिथलं पाणी जड, क्षारांचं. नुसत्या आरओच्या पाण्यात पिल्लाच्या अंगातले क्षार बाहेर जातात आणि ते मलूल पडतं. आपलं साधं जड पाणी त्याला उलट मानवतं. फार खारवट बोअर असेल, मिरजेच्या पूर्वेला काही ठिकाणी आहे तसं, तर त्यात थोडं आरओ मिसळा.

आणि तांबं. हे फारसं कुणी बोलत नाही. घरात पिण्याचं पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवतात, आरोग्याला चांगलं म्हणून, आणि तेच मुरलेलं पाणी पिल्लांना. माणसाला चालतं, पण तांबं या पिल्लांना आणि डॅफ्नियाला विष आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेच्या पट्ट्यात आणखी सांभाळा, द्राक्षबागेत बोर्डो मारतात म्हणजे मोरचूद (तांब्याचाच क्षार) आणि चुना, त्या फवारणीच्या बॅरलमध्ये किंवा बादलीत पिल्लांचं पाणी साठवू नका, कितीही धुतली असली तरी, आणि बागेच्या कडेच्या शेततळ्यातून डॅफ्निया गाळून आणू नका. पाण्याची शंका असेल तर त्यात आठ-दहा डॅफ्निया टाकून एक दिवस ठेवा. ते मेले तर पिल्लं त्या पाण्यात सोडायची नाहीत. लॅबचा खर्च वाचतो.

तसंच डासांचं लिक्विड. एअर पंप खोलीतली हवा ओढूनच पाण्यात सोडतो, रात्रभर मशीन चालू असेल तर ते औषध बुडबुड्यांतून थेट डब्यात. गल्लीत फॉगिंगची गाडी आली की पंप बंद, डब्यांवर झाकण, आणि तासाभराने खिडक्या उघडून मगच चालू.

उन्हाळ्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. अंडी मार्च-एप्रिलमध्ये आली आणि तुमच्याकडे चिलर किंवा एसीची खोली नसेल तर शे-दोनशे वाढवायच्या भानगडीत पडू नका, वीस ठेवा. २२ अंशापर्यंत पिल्लं तग धरतात, २४ च्या वर गेलं की खाणं सोडतात, पोटात हवा धरून उलटी तरंगतात. २० अंशाला पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३० ला साडेसात, आणि त्याच वेळी पिल्लाची गरज मात्र वाढलेली असते. सांगलीत पारा चाळीसला टेकतो तेव्हा पाण्याचं काय होतं ते सांगायला नको. कोरड्या उन्हाळ्यात एक गोष्ट काम करते, डबे पसरट परातीत ठेवायचे, परातीत पाणी, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि टेबल फॅन त्याच्यावर. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच इथे. दोन-चार अंश सहज उतरतात. जूननंतर हवा दमट झाली की हे निम्म्यावर येतं. बर्फाची बाटली घालायची तर परातीत घाला, पिल्लांच्या डब्यात नको, नाहीतर दुपारी १८, बर्फ वितळला की २७, या उड्यांनी जास्त मरतात. लाइट गेली की फॅनही गेला, त्यामुळे थर्माकोलचं खोकं तयार असू द्या.

तरंगणारं पिल्लू लगेच फेकू नका. वेगळं काढा, पाणी अगदी उथळ, गार, एक दिवस खाणं बंद. बऱ्याचदा पोट साफ झालं की खाली बसतं.

एकमेकांना खाण्याचा काळ पुढचे पाय फुटल्यापासून पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत. बेडकाच्या पिल्लाला मागचे पाय आधी येतात, यांना पुढचे. त्या वयात जे हलेल त्याला तोंड मारायचं एवढंच कळतं, भावाचा पाय आणि आर्टेमिया यात फरक नाही. मोठी आणि लहान वेगळी करा, गर्दी कमी करा, खाणं वेळेवर द्या. तुटलेला पाय काही आठवड्यांत परत येतो, त्याला हळद-मीठ लावायची गरज नाही, स्वच्छ गार पाणी पुरे. अडीच-तीन सेंटीमीटरनंतर फ्रोजन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) चिमट्यात धरून नाकासमोर हलवला की घेतात, पुढे गांडुळाचे बारीक तुकडे. गांडूळखताच्या बेडमधलं लाल गांडूळ पुष्कळ वेळा तोंडात घेऊन थुंकून टाकतात, ते चिडलं की कडवट पिवळा द्रव सोडतं. शेतातलं, औषध न मारलेल्या जागेतलं साधं गांडूळ बरं.

एक मादी शंभरापासून हजारापर्यंत अंडी घालू शकते. सगळी वाढवायची नसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांतच, आत आकार धरायच्या आधी, जास्तीची अंडी फ्रीझरमध्ये टाका. नंतर जास्त झालेली पिल्लं रंकाळ्यात, कृष्णेत, कासच्या तळ्यात अजिबात सोडायची नाहीत, त्यांच्याबरोबर जाणारी बुरशी आणि व्हायरस आपल्या बेडकांना लागू शकतात. कागदपत्रांचंही बघा. ॲक्सोलॉटल साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा प्राण्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, घरी झालेल्या पिल्लांचीही. आणि कुणी दार्जिलिंगहून सॅलॅमँडर आणून देतो म्हणाला तर हात जोडा, तो हिमालयन सॅलॅमँडर कायद्याने संरक्षित आहे. आपल्या सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीच, कास-कोयनेला डबक्यात दिसतात ती बेडकांची पिल्लं.

न्यूटची पिल्लं कुणी वाढवत असेल तर खाणं, पाणी, गारवा सगळं हेच, फक्त शेवट वेगळा. काही महिन्यांनी त्यांचे कल्ले आखडायला लागतात, शेपटीवरचा पडदा कमी होतो, तेव्हा ती पाण्याबाहेर यायला बघतात आणि बाहेर यायला जागा नसेल तर बुडून मरतात. तेव्हा पाणी दोन बोटांवर आणा, एका बाजूला दगडाचा उतार करा, वर झाकण घट्ट, कारण ओल्या अंगाने ती काचेवरसुद्धा चढतात. ॲक्सोलॉटलचे कल्ले आखडलेले दिसले म्हणून त्याला दगड लावत बसू नका, तो सहसा आयुष्यभर पाण्यातच राहतो. तिथे आधी अमोनिया बघा, मग थर्मामीटर.